दुसऱ्या गिअरपर्यंत शिकलेली गाडी

३ ऑगस्ट, रविवार

आज सकाळी मी भावनाची गाडी बाहेर काढली. तिला न विचारता. म्हणजे विचारायची सोय नव्हती. मुख्याध्यापकांच्या ट्रेनिंगसाठी ती काल रात्रीच्या ट्रेनने पुण्याला निघाली. सकाळी बर्थवर झोपलेली असणार. बायकोची झोपमोड करून परवानगी मागणं मला बरं वाटलं नाही.

कारण चांगलं होतं. वर्षावास सुरू आहे. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि वाचक मी आहे. स्पीकर बिघडला म्हणून डेकोरेशनवाल्याकडून दुसरा आणायचा होता. तो स्कूटरवरही आला असता. पण परवा पानठेल्यावर शेजारचे देवराव चारचौघांत म्हणाले, “वहिनी गाडी चालवते नि आमचे धम्माजी बाजूले बसून टोलचे पैसे काढते.” लोक हसले. मीही हसलो. राग आला नव्हता. फक्त लक्षात राहिलं.

गाडी ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. माझ्यासारख्या शांत माणसासाठीच बनवलेली. लायसन्स आहे. सवय तेवढी नाही.

हुडकेश्वरचा आमच्या लेआउटमधला सिमेंट रोड नवा आहे, घरांच्या ओट्यांपेक्षा उंच. कडेला मुरूम भरायचा राहिला आहे. समोरून पाण्याचा टँकर आला. लोकांना पाणी वेळेवर मिळावं म्हणून मी बाजू दिली. जरा जास्त दिली. डावीकडची दोन्ही चाकं खाली उतरली आणि गाडीचं पोट सिमेंटच्या धारेवर बसलं. विळा दगडावर घासावा तसा आवाज झाला. जवळच्या बांधकामावरच्या मजुरांनी गाडी उचलून वर ठेवली. त्यांचं मंगल होवो.

स्पीकर घेऊन विहारात पोचलो. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर लाल रेघ. कोणीतरी खर्रा खाऊन थुंकत गेला असेल असं वाटलं. नागपुरात असं वाटणं साहजिक आहे. परत येताना घराजवळ इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी जागची हलेना. तेव्हा कळलं की तो खर्रा नव्हता. गिअरबॉक्सचं ऑइल होतं.

स्पीकर चांगला निघाला. संध्याकाळचं वाचन छान झालं. सगळे म्हणाले, आवाज खणखणीत.

भावनाचा फोन आला की सांगून टाकायचं. नक्की.

नंतर: फोन आला. पुण्यात पाऊस आहे म्हणाली. मी म्हणालो, इथेही आहे. गाडीचा विषय निघाला नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

गाडी टोचन करून जरीपटक्याच्या एका गॅरेजला नेली. कोराडीच्या वीज केंद्रात माझं ऑफिस आहे, तिकडे जाताना ते वाटेवर पडतं, हे एक कारण. हुडकेश्वरचं कोणी तिकडे जात नाही, हे दुसरं. पहिलं कारण मुख्य आहे.

गॅरेज मोनाली नावाची मुलगी चालवते. बाप गल्ल्यावर बसतो आणि तिच्याच शिव्या खातो. तिने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, ऑइल गळत असताना किती चालवली. मी म्हणालो, थोडीशी. ती म्हणाली, “काका, थोडीशी म्हणजे थांबली तोपर्यंत नं?” गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा जळल्या आहेत, खालचं ऑइलचं ताट फुटलं आहे. उघडावं लागेल.

टोचनवाला आला तेव्हा देवराव गेटवर उभेच होते. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, सर्विसिंग. व्यापक अर्थाने पाहिलं तर ती सर्विसिंगच आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

मोनाली स्वतः गाडी घेऊन आली. गिअरबॉक्स दुरुस्त झाला आहे, पण एक काम बाकी होतं. ते तिने गेटसमोरच केलं आणि मला समजावून सांगितलं. समजलं तसं लिहून ठेवतो.

गिअर कधी आणि किती दाबाने बदलायचा हे ठरवणारा एक छोटा कंप्युटर गाडीत असतो. इतकी वर्षं तो जुन्या, झिजलेल्या प्लेटांच्या हिशोबाने दाब द्यायला शिकला. आता प्लेटा नव्या आहेत आणि सवय मात्र जुनी. म्हणून आधी त्याचं शिकलेलं पुसायचं. तिने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, हातातल्या यंत्राची बटणं दाबली. झालं. पाटी कोरी.

मग म्हणाली की आता पहिले जे शिकवाल ते ही शिकणार. उद्या सकाळी मोकळ्या रस्त्यावर न्या. सावकाश वेग वाढवा, एक एक करत सगळे गिअर पडू द्या, पार वरपर्यंत. मग पाय सोडून हळूच थांबा. परत तसंच. पाय दाबायचा नाही, घाई नाही, शांत मनाने. आणि रोज जो चालवतो त्यानेच हे करावं, मॅडमना बसवा.

मी म्हणालो, शांत मनाने करायचं असेल तर मीच करतो. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग गॅरेजच्या पोराच्या मोटारसायकलवर बसून निघून गेली.

यंत्राची ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. माणसाच्या मनातही जुन्या झिजलेल्या गोष्टींच्या हिशोबाने दाब पडत राहतो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी पाटी पुसायला ओली चिंधी द्यायचे. पाटी पुसली जायची, पण उन्हात तिरकी धरली की जुनी अक्षरं दिसायची. यावर विहारात कधीतरी बोलता येईल. गाडीचा उल्लेख न करता.

७ ऑगस्ट, गुरुवार. सकाळ

उजाडताच पाच मिनिटं आनापान करून गाडीत बसलो. श्वास स्थिर होता.

उमरेड रोडला जाणार होतो. चौकापर्यंत गेलोही. तिथून ट्रक दिसले. ट्रकवाल्यांचं मन सकाळी सकाळी शांत नसतं. त्यांच्या अशांतीचा संस्कार नव्या पाटीवर कशाला? वळलो. लेआउटमध्येच फेऱ्या मारल्या. तिथे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत फिरत होती. तिच्या मागेमागे राहिलो. ती थांबली की मी थांबायचो, ती निघाली की मी. यापेक्षा सावकाश कोण शिकवणार? काटा वीसच्या वर गेला नाही. गाडी लोण्यासारखी चालली. एकही झटका नाही.

“सगळे गिअर” हे मोनालीचं म्हणणं मला थोडं पुस्तकी वाटतं. पाया पक्का झाला की वरचं आपोआप येतं.

मोनालीचा फोन आला, झालं का म्हणून. झालं म्हणालो.

दुपार

भावना आली. प्रवासाने थकलेली. थकलेल्या माणसाला अशा गोष्टी सांगू नयेत. उद्या सांगतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सांगायचं राहिलं. सकाळी ती घाईत होती.

संध्याकाळी शाळेतून आली ती गप्प. उमरेड रोडवर वेग घेतला की गाडी झटका देते म्हणाली. जोरात, मागून कोणी ढकलल्यासारखा. सोबत तिच्या शाळेतल्या प्रेमिला मॅडम होत्या, त्यांचं डोकं समोर आपटता आपटता राहिलं.

मी तोंड उघडणार होतो. खरंच. तेवढ्यात तीच म्हणाली की गाडीचं काही नसेल. देवराव भाऊजी गेटवर भेटले, त्यांनी सांगितलं की मी नसताना तुम्ही सर्विसिंग करून आणली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. इतक्या वर्षांत तुम्ही होऊन काही केलंत, म्हणाली.

म्हणजे दोष माझ्या पायाचा आहे, असं म्हणून ती उजवा गुडघा चोळत बसली.

मी काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे खोटंही बोललो नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा

विहारात गर्दी होती. त्रिशरण पंचशील मी आधी म्हणतो आणि मागून सगळे. पहिलं झालं, दुसरं झालं. दुसऱ्याला थोडं अडखळलो, पण बायकोची गाडी ही न दिलेली वस्तू धरायची की नाही हा वादाचा मुद्दा आहे. तिसऱ्याला आवाज स्वच्छ. चौथं असत्य बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं. “मुसावादा” म्हणायला गेलो आणि गळ्यातून वारा आला. खोकलो. लोकांना सवय आहे, त्यांनी माझ्याशिवायच म्हणून टाकलं. पाचव्याला आवाज परत आला.

घरी येऊन विचार केला. आज मी चौथं शील घेतलंच नाही. जे घेतलं नाही ते मोडण्याचा प्रश्न येत नाही. पुढच्या वेळेपर्यंत तांत्रिकदृष्ट्या माझी बाजू मोकळी आहे.

हे वाचून बरं वाटलं नाही. पण खोडतही नाही.

भावनाला सांगितलं, गळा बसला आहे. तिने अडुळसा, आलं, मिरे टाकून काढा केला. कडू होता. सगळा प्यायलो.

११ ऑगस्ट, सोमवार

भावनाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. मी सोबत गेलो, तिची पर्स धरली. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडी झीज आहे. “वयाप्रमाणे” हा शब्द तिला लागला. शेचाळीस वर्षांची झाली तेव्हा ती गाडी शिकली. तिच्या माहेरात आणि आमच्या घरात स्टिअरिंग हातात घेणारी पहिली बाई. मैदानावर शिकताना मी बाजूला बसून “ब्रेक, ब्रेक” म्हणायचो, म्हणून तिने मला उतरवून दिलं होतं. मग एकटीच शिकली. ज्या दिवशी शाळेपर्यंत एकटी गेली त्या दिवशी पोरांनी गाडीला फुलं बांधली होती.

डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे. खुर्चीवर बसायचं, पायाला वजन बांधायचं, पाय सरळ करायचा, हळू खाली न्यायचा. वजन म्हणून तिने मिठाची पिशवी घेतली, ओढणीने बांधली. मी समोर बसून मोजतो. मोजण्यात खोटं काही नाही.

आज सांगायचं ठरवलं होतं. पण एक्स-रेच्या दिवशी सांगितलं तर एक्स-रे फुकट गेला असं तिला वाटलं असतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

प्रेमिला मॅडम आजपासून बसने जातात. सहज म्हणून, असं त्या म्हणाल्या. भावनाला कळायचं ते कळलं.

संध्याकाळी मला म्हणाली की लेआउटमध्ये एक चक्कर मारून दाखवा, मला पाहू द्या. मी चालवली. आमचा रस्ता, मैदानाचा रस्ता, परत आमचा. अर्थातच एकही झटका नाही. ती माझ्या पायाकडे पाहत होती. लहानपणी आम्ही गुरुजींच्या अक्षराकडे पाहायचो तसं.

म्हणाली, “किती शांत पाय आहे तुमचा. मले काहून जमून नाही राहिलं?”

मला क्षणभर बरं वाटलं. लिहायला नको, पण वाटलं. पानठेल्यावर देवराव असते तर आणखी वाटलं असतं. मग वाईट वाटलं. मग पुष्कळ वाईट वाटलं.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा आहे, मुख्याध्यापिका वेळेवर पोचली पाहिजे. तुम्हीच चालवा म्हणाली. मी हो म्हणालो. सगळे गिअर त्या दिवशी शिकवून टाकीन. एका दगडात दोन्ही कामं होतील. सांगायची गरजच उरणार नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अंधार असतानाच निघालो. भावना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, मांडीवर तिरंगी बिल्ल्यांचा डबा.

उमरेड रोड लागला. मी वेग वाढवला. काटा चढला आणि पहिला झटका आला. डबा उडाला. मी घाबरून पाय उचलला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा झटका, पुन्हा पाय आपोआप वर. मग ठरवलं, पहिले सुखरूप पोचणं महत्त्वाचं. वीस-पंचवीसवर ठेवली. एक दूधवाला सायकलवरून पुढे गेला. त्याने मागे वळून पाहिलं. मग एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या ट्रॉलीत पोरं झेंडे घेऊन उभी होती, त्यांनी आम्हाला जय हिंद केलं.

पोचलो तेव्हा पोरं रांगेत उभी राहून थकली होती. काही खाली बसली होती. सरपंचांनी झेंडा थांबवून धरला होता आणि ते घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. भावना लंगडत धावली. लंगडायचं कारण काही नव्हतं. तिच्या मनानेच गुडघा दुखायला लागला आहे.

झेंडा वर गेला. मी मागे कडुलिंबाखाली उभा होतो. राष्ट्रगीत म्हटलं. गळा ठीक होता.

परतताना ती म्हणाली की तो झटका तुम्हाला बसला तो माझ्यामुळे. मी इतके दिवस चुकीची चालवली, गाडीला माझी वाईट सवय लागली.

मी खिडकीबाहेर पाहिलं. चालवताना असं पाहू नये.

१७ ऑगस्ट, रविवार

वंदना. पहिली तीन ठीक. चौथ्याला पुन्हा वारा. पाचवं खणखणीत.

विहारात पहिल्या रांगेत सिंधूताई बसतात. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पनला नागपुरातच दीक्षा घेतली, म्हणून सगळे त्यांना मानतात. वंदना संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काहो, तुमचा गळा चौथ्यालेच काहून बसते?” भावना त्यांच्या शेजारीच होती. ती माझ्या बाजूने म्हणाली की हवा बदलली आहे, रोज काढा देते. सिंधूताईंनी पदराच्या गाठीतून ज्येष्ठमधाची काडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “चावा मग. मुळापर्यंत चावा.”

त्या काही जाणून बोलल्या नसतील. वाचन आठवडाभर दुसऱ्या कोणीतरी करावं असं मी सुचवलं. वाणीला विश्रांती. लोकांनी मान्य केलं, आणि आता तीन जणांकडून घरी काढा येतो.

रात्रीचं जेवण झाल्यावर भावनाने सांगितलं की तिने ठरवलं आहे. गाडी द्यायची. ती बसने जाईल, जशी आधी जायची. देवरावांच्या सुनेला, हिमानीला, ऑटोमॅटिक हवीच आहे. पुढच्या रविवारी सकाळी ती चालवून पाहणार. आपल्याला नाही जमलं, त्यात लाजायचं काय, म्हणाली. आणि भांडी घासायला उठली. नळ बराच वेळ सुरू होता.

उद्या सांगायचं. काहीही झालं तरी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सोमवारी सांगितलं नाही. आजही नाही.

एक वेगळा विचार सुचला आहे. सांगणं हे फक्त माझ्या मनाचं ओझं कमी करण्यासाठी आहे, म्हणजे एक प्रकारचा स्वार्थच. त्यापेक्षा गाडीच नीट करून दिली तर? भावनाला झटका बसणार नाही, पाय बरा झाला असं वाटेल, गाडी जाणार नाही. ती सुखी. तिच्या सुखासाठी मी गप्प राहण्याचं दुःख सोसेन.

मोनालीला फोन केला. तिने एकच विचारलं, त्या दिवशी किती वेगापर्यंत नेली होती. मी म्हणालो, रस्त्याच्या मर्यादेत. ती म्हणाली, शनिवारी आणा, पाहते.

शनिवारी रजा टाकली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भावना आजपासूनच बसने गेली. सवय व्हावी म्हणून. कुशनचं कव्हर काढून धुतलं, डॅशबोर्डवरचा छोटा बुद्ध काढून कपाटात ठेवला. गाडी आंघोळ करून पाहुण्यांना दाखवायला बसवल्यासारखी गेटमध्ये उभी आहे. मी तिच्याकडे न पाहता स्कूटर काढतो.

संध्याकाळचा व्यायाम मात्र सोडला नाही तिने. बस चढायलाही पाय लागतो, म्हणाली. मी मोजलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

भावना सकाळच्या शाळेला गेली. मी जरीपटक्याला निघालो. इतक्या सकाळी रस्ते रिकामे होते, त्यामुळे पोचलो. भल्या सकाळी आपण शहरात गाडी चालवू शकतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मोनालीने वायर जोडली आणि यंत्राकडे पाहून हसली. खालचे दोन गिअर अगदी छान शिकली म्हणाली, इतके छान की असं मी पाहिलं नाही. वरचे कोरेच. मॅडम वेग घेतात, झटका बसला की घाबरून पाय उचलतात, मग धडा अर्धाच राहतो. रोज अर्धाच. मग तिने सरळ विचारलं, मॅडमला सांगितलं नाही का की गिअरबॉक्स उघडला होता.

मी म्हणालो, योग्य वेळ पाहतो आहे.

ती म्हणाली, “काका, ती बिचारी स्वतःले दोष देत असंन.”

तिने पुन्हा सगळं पुसलं. म्हणाली, इथूनच बाहेरच्या रस्त्याने जा, मोकळा आहे, सगळे गिअर टाका, घरी पोचेपर्यंत काम झालं. मी निघालो. बाहेरच्या रस्त्याला लागलो तर समोर कोराडीचे कोळशाचे ट्रक, एकामागे एक. माझ्याच ऑफिसचा कोळसा. मी शहरात वळलो.

आज तान्हा पोळा होता. म्हणजे मारबतीची मिरवणूक. अख्ख्या नागपूरला माहीत असतं, मला कसं आठवलं नाही? इतवारीच्या बाजूला पोचलो तेव्हा मागे फिरायला जागा नव्हती. पुढे पिवळ्या मारबतीचा उंच पुतळा येत होता. ढोल, गुलाल, लोकांच्या खांद्यावर लोक. दुपार होईपर्यंत मी तिथेच होतो. दोन पावलं पुढे, थांब. एक पाऊल पुढे, थांब. पोरांनी बॉनेटवर ढोल धरला. एकाने काचेवर टकटक करून म्हटलं, “काका, आजच्या दिवशी गाडी घरी ठेवाची नं.”

सगळं शहर रोगराई, पीडा, खोटेपणा सगळं घेऊन जा म्हणून ओरडत होतं. गावाबाहेर नेऊन जाळणार होतं. मी काचा वर करून आत बसलो होतो. आणि गाडी शिकत होती. नव्या कोऱ्या पाटीवर. थांबायचं आणि सरकायचं. माझ्यासारखंच.

घरी आलो तेव्हा भावना गेटवर होती. कुठे गेला होतात? मी म्हणालो, उद्या हिमानी पाहायला येणार, म्हणून धुवायला नेली. गाडीवर गुलाल होता.

तिने पदराने बॉनेटवरचा गुलाल पुसला. “इतकं करता तुमी माह्यासाठी,” म्हणाली.

हे वाक्य खरं धरून मी जेवू शकलो नाही. काढाही नाकारला. ती म्हणाली, गळा फारच बिघडलेला दिसतो.

२४ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

कसं ते लिहितो. रात्री नीट तयारी केली होती. सुरुवात टँकरपासून करायची. मग पाण्याची टंचाई, सिमेंट रोडची उंची, देवरावांचं पानठेल्यावरचं बोलणं, माझा हेतू. मग तिच्या ट्रेनिंगचा ताण, प्रवासाचा थकवा, आणि शेवटी मुख्य गोष्ट. मध्ये संस्कार आणि पाटी यावरही दोन वाक्यं होती.

सकाळी ती खुर्चीवर बसून पायाला मिठाची पिशवी बांधत होती. गाठ बसत नव्हती. मी गुडघ्यावर बसलो, गाठ मारायला म्हणून. आणि तोंडातून सगळ्यात शेवटचं वाक्यच पहिले निघालं.

“भावना, गाडी मी आपटवली होती. तू पुण्याला होतीस तेव्हा. झटके त्याचेच आहेत.”

ती म्हणाली, “म्हणजे माह्या पायाले काही नाही?”

“नाही.”

“गुडघ्याले?”

“नाही वं.”

तिने गाठ सोडली. मिठाची पिशवी उचलली, स्वयंपाकघरात नेऊन डब्यात ओतली. मी टँकरबद्दल सांगायला लागलो तर म्हणाली, ते राहू द्या. मोनालीचा नंबर मागितला आणि अंगणात जाऊन तिच्याशी बराच वेळ बोलली. मग देवरावांच्या गेटवर गेली आणि हिमानीला सांगितलं की गाडी द्यायची नाही, पण तुला शिकायची असेल तर मी शिकवते. देवराव माझ्याकडे पाहत होते. मी कडुलिंबाकडे पाहत होतो. आमच्याकडे कडुलिंब नाही, समोरच्या प्लॉटवर आहे.

कपाटातला छोटा बुद्ध तिने परत डॅशबोर्डवर बसवला. मी न बोलावताच बाजूला बसलो.

उमरेड रोड. ती लंगडत नव्हती. चौक सोडल्यावर तिने हळूच वेग वाढवला. झटका आला. मी “ब्रेक” म्हणालो. तिने ऐकलं नाही, पायही उचलला नाही. गाडी अडखळली आणि पुढच्या गिअरला गेली. पाय सोडून सावकाश थांबवली. पुन्हा. या वेळी झटका कमी. मी पुन्हा “ब्रेक” म्हणालो, सवयीने. तिसऱ्यांदा निघण्याआधी तिने गाडी बस थांब्याजवळ कडेला घेतली.

“मोनाली म्हणते, शांत मनानं चालवा लागते. तुमी बाजूले असले की मले शांत राहता येत नाही. उतरा.”

उतरलो. दार लावणार तर तिने वाकून, रस्त्याकडेच पाहत, आणखी एक सांगितलं.

“आणि गळा बरा झाला असंन तं संध्याकाळी चौथं मोठ्यानं म्हणजा.”

गाडी निघाली. मी कान देऊन होतो. एक, दोन, तीन. मग चौथा. आवाज कुठे तुटला नाही. पुलापलीकडे ती ट्रकांच्या मधून सरळ गेली आणि दिसेनाशी झाली. सिंधूताईंनी दिलेली ज्येष्ठमधाची काडी खिशात होती. चावत उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने नागपूरची बस आली. बसायला जागा नव्हती, दांडा धरून उभा होतो. प्रत्येक गिअरला झटका बसत होता.

त्यात माझा काही दोष नव्हता.